ढकलता येणारी गाडी

डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलासाठी भंगारातून बनवलेली चारचाकी. तोंडवळा जीपचा, पण सुरू व्हायची दुचाकीसारखी किक मारून. तुम्हीही तो पाहिला असेल. आनंद महिंद्रांनी तो शेअर केला, त्या गाडीच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि पुढच्याच महिन्यात ती लोहारांच्या दारात उभीही राहिली.

ग्रुपवर टाळ्यांच्या इमोजींचा पाऊस पडला. मग बाबांनी लिहिलं, "आपल्या आबांनी १९८३ सालीच ब्याटरीवरची गाडी बनवली होती. तवा मोबाइल नव्हते म्हणून कोणाले कळलं नाही." त्याखाली आणखी टाळ्या. आत्या एरवी ग्रुपवर सगळ्यांत आधी बोलणारी. त्या दिवशी ती गप्प होती. तेव्हा मला ते खटकलं नाही.

ती गाडी मी लहानपणापासून पाहत आले होते. म्हणजे तिच्यावरचं गोणपाट पाहत आले होते. सोनाळ्याच्या आमच्या घरामागं जुना कोठा आहे. बैल होते तेव्हा तिथं बैल असायचे. बैल गेल्यावर तिथं मोडक्या तिफणी, फवारणीचे पंप आणि गोणपाटाखाली आबांची गाडी राहिली. आबा २००९ मध्ये गेले. त्यानंतर ते गोणपाट कुणी काढलं नव्हतं.

मी चाकणला एका कारखान्यात काम करते. दिवसभर इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या तपासायच्या, चार्ज करायच्या, रिकाम्या करायच्या, तापमान लिहायचं. त्यामुळं घरच्यांचं सोपं गणित झालं: ही पोरगी ब्याटरीवाली आहे, हिनंच आबांची गाडी चालू करावी. माझ्या भावाचा मुलगा पाच वर्षांचा झाला होता. मे २०२३ मध्ये पंधरा दिवसांची सुट्टी काढली आणि ट्रॅव्हल्सनं शेगावला उतरले.

*

सोनाळा म्हणजे बुलडाणा जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक, तालुका संग्रामपूर. गावाच्या वर सातपुडा उभा आहे, तिथंच अंबाबरवाचं अभयारण्य. खाली कपाशीची आणि तुरीची काळी जमीन. मे महिन्यात सकाळी अकराला रस्ते ओस पडतात, संध्याकाळी सहापर्यंत कुणी कुणाच्या घरी जात नाही. त्यामुळं माझं काम पहाटे पाच ते नऊ आणि रात्री कोठ्यात बल्ब लावून चालायचं.

आबांचं गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पाणबुड्या आणि मोनोब्लॉक मोटारी जळून यायच्या. गावाकडं व्होल्टेज पडतं, मोटार तेवढंच पाणी ओढायला जास्त करंट घेते, गुंडाळी तापते आणि जळते. आबा जळकी तार काढायचे, तिचे फेरे मोजायचे, वहीत लिहायचे आणि नव्या तारेनं तितकेच फेरे पुन्हा घालायचे. आमच्या घराला कायम वॉर्निशचा वास असायचा. फेरे मोजताना आबांशी कुणी बोलायचं नाही, एवढा एकच नियम त्या घरात सगळे पाळायचे.

१९७८ मध्ये आत्याला पोलिओ झाला. दोन वर्षांची होती. ताप आला, तीन दिवसांत उतरला, पण पाय परत उभे राहिले नाहीत. उजवा पूर्ण गेला, डाव्यात थोडी ताकद राहिली. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात पोलिओचा डोस आला तो १९७९ च्या सुमारास. घरोघरी पोचणारी पल्स पोलिओ मोहीम १९९५ ची. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्या पिढीनं हा आजार करंगळीवरच्या शाईच्या रूपातच पाहिला. आमच्या घरात मात्र तो जेवायला सोबत बसायचा. पुढं कॅलिपर आलं, कुबड्या आल्या. आत्या शिकली, डी. एड. झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. आज साइड व्हील लावलेल्या स्कूटीवरून ती रोज शेजारच्या गावी शाळेत जाते, आणि गावातले खड्डे तिच्याइतके कुणाला पाठ नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. १९८३ मध्ये ती सात वर्षांची होती आणि कुणाच्या तरी कडेवरच बाहेर जायची. म्हणून आबांनी गाडी बनवली.

*

गोणपाट काढल्यावर आधी दोन पाली पळाल्या. स्टिअरिंगखाली गांधीलमाश्यांचं जुनं घर होतं, सीटमधला कापूस उंदरांनी बाहेर ओढला होता. मी आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मग पाटी-पेन्सिल घेऊन एकेक वस्तू कुठून आली असेल ते लिहीत गेले.

बॉडी डिझेलच्या ड्रमच्या पत्र्याची. आतल्या बाजूला अजून एका तेल कंपनीची अर्धी अक्षरं दिसतात. चाकं लहान मुलांच्या सायकलची, बारा इंची. स्टिअरिंग म्हणजे पाण्याच्या पाइपलाइनवरच्या वॉल्व्हचं लोखंडी चक्र, त्यावर सुतळी गुंडाळून वर रबराची ट्यूब चढवलेली, उन्हात हात भाजू नये म्हणून. हेडलाइट म्हणजे दोन टॉर्चची डोकी. फ्यूज म्हणून लाकडाच्या ठोकळ्यावर दोन स्क्रू आणि त्यांच्यामध्ये तारेचा एकच पदर. मागं लाकडी पेटीत ट्रॅक्टरची टाकून दिलेली बॅटरी बसायची. बॅटरी नव्हती, पण तिच्या आम्लानं खाल्लेला पत्रा होता.

आणि पायाशी काहीच नव्हतं. पेडल नाही, ब्रेक नाही. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला पितळी खटक्याचा एक स्विच: वर केला की पुढं, खाली केला की मागं, मधे सोडला की बंद. सगळं काम हातानं.

मोटार ट्रकच्या वायपरची, भंगारातली. काच पुसणारी मोटार लेकराला ओढेल का, असं वाटू शकतं. ओढते. वायपरची मोटार आत हजारो फेरे फिरते, पण तिच्या पुढं गिअर असतो आणि बाहेरचा दांडा मिनिटाला पन्नासेकच फेरे घेतो. फेरे कमी झाले की जोर वाढतो. बारा इंची चाकाचा घेर साधारण ९४ सेंटीमीटर. मिनिटाला ४५ फेरे धरले तर गाडी मिनिटाला बेचाळीस मीटर जाते, तासाला अडीच किलोमीटर. शाळेतून रमतगमत घरी येणाऱ्या पोराचा हा वेग. शेजारून चालणारा माणूस गप्पा मारत सोबत जाऊ शकतो.

मोटार उघडल्यावर मला आबा भेटले. हल्लीच्या वायपर मोटारीत चुंबक असतं. तिला बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या की ती उलटी फिरते. या जुन्या मोटारीत चुंबक नव्हतं, त्याच्या जागी तांब्याची गुंडाळी होती. अशा मोटारीच्या तारा नुसत्या उलट्या करून भागत नाही. आतल्या दोन्ही गुंडाळ्यांमधला प्रवाह एकदमच उलटतो आणि मोटार पूर्वीच्याच दिशेनं फिरत राहते. रिव्हर्स हवा तर बाहेरच्या गुंडाळीची टोकं वेगळी काढून फक्त एकीचाच प्रवाह उलटवावा लागतो. आबांनी तेच केलं होतं. चार तारा बाहेर आणल्या होत्या, प्रत्येकीवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा. आजीच्या शिवणाच्या डब्यातले दोरे असणार. मल्टिमीटर लावला. चाळीस वर्षांनंतरही गुंडाळी शाबूत होती.

त्या रात्री मी त्या चार दोऱ्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. बाबांनी हात जोडले.

*

मी काम सुरू करण्याआधी यूट्यूबवर बरंच पाहिलं होतं. जुन्या खेळण्यातल्या गाड्या पूर्ववत करणाऱ्यांचं एक वेगळंच जग आहे. इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीची 'जे-४०' नावाची पायडलची गाडी त्या जगातली राणी. ती १९४९ ते १९७१ या काळात वेल्समधल्या बार्गोडच्या कारखान्यात बनायची. खाणीतल्या धुळीनं फुफ्फुसं निकामी झालेल्या कोळसा कामगारांना रोजगार मिळावा म्हणून तो कारखाना काढला होता. बत्तीस हजारांवर गाड्या तिथं बनल्या. आज त्या दुरुस्त करणारे लोक मूळ रंगाची छटा, मूळ बोल्ट, मूळ हॉर्न यांच्यासाठी जीव टाकतात. त्यांचं शास्त्र एकच: कारखान्यातून निघाली तशी झाली पाहिजे.

मीही तेच ठरवलं होतं. आबांनी केली तशी. रंगाचे थर खरवडले तर वरचा लाल, मधला हिरवा आणि तळाशी निळा निघाला. ट्रॅक्टरला मारतात तसला निळा. तोच परत मारायचा. पत्रा तारेच्या ब्रशनं घासला, जाम बोल्ट रात्रभर डिझेलमध्ये भिजवले. मोटारीचे कार्बन झिजले होते, तर मिक्सरचे कार्बन आणून कानशीनं घासून बसवले. ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बन घासतात, त्या झिरो पॉलिश पेपरनं चकचकीत केल्या. माझ्या मोबाइल चार्जरपेक्षा जास्त करंट वाहणार असलेल्या प्रत्येक जोडणीला नवी तार घातली, पण रंगीत दोऱ्यांच्या गाठी तशाच ठेवल्या.

पाचव्या दिवशी टेबलावर मोटार फिरली. बाबा शेतातून येऊन दारातच उभे राहिले. त्यांनी डोळे पुसले, घाम होता असं म्हणाले.

रविवारी आत्या आली. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तिच्यासाठी शोधून ठेवलेली गोष्ट मोबाइलवर लावली. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे नावाचे फिजिओथेरपीचे प्राध्यापक होते. त्यांचा 'गो बेबी गो' हा उपक्रम. बाजारात मिळणाऱ्या बॅटरीच्या खेळण्यातल्या गाड्या घ्यायच्या, पायातला स्विच काढून हाताशी मोठं बटण लावायचं, बसायला आधार करायचा आणि चालू न शकणाऱ्या लहानग्यांना द्यायच्या. त्यांचं म्हणणं असं की मूल स्वतःहून हलायला लागलं की नुसतं जागा बदलत नाही, ते जग शोधायला लागतं, बोलायला लागतं. ज्याला हलता येत नाही त्याला ही संधी लवकर मिळाली पाहिजे.

"पाहिलं?" मी म्हटलं. "हे लोक आत्ता करतायत. आबांनी तुझ्यासाठी १९८३ मध्ये केलं. पायाचं काम हातात आणलं."

आत्यानं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. एका पोरीनं बटण दाबलं आणि गाडी हलली, तेव्हा ती हसली. मग मोबाइल परत देत म्हणाली, "चांगलं हाये. ह्या गाड्या बंद पडल्या त ढकलता येतात का?"

*

तिनं जे सांगितलं ते मी आमच्या घरात कधीच ऐकलं नव्हतं. घरात ऐकू यायचं ते असं: आबांनी गाडी बनवली, सोनाजी महाराजांच्या यात्रेत आत्या त्या गाडीत बसून निघाली, लोक पाळणे सोडून गाडी पाहायला धावले. आबांच्या हुशारीच्या गोष्टीत आत्या म्हणजे गाडीत बसलेलं कुणीतरी.

"गाडी चांगलीच होती," आत्या म्हणाली. "पयल्यांदा मी एकटी गल्लीच्या टोकापर्यंत गेली न, तवा मले रडू आलं. पण ब्याटरी जुनी. केव्हा बसन सांगता येत नव्हतं. अन बसली का गाडी तिथंच. ढकलली त हलत नव्हती. चाक फरफटत जाय. दोन मोठी माणसं लागत उचलाले."

एकदा ती नाल्याच्या रस्त्यावर अडकली. सोबतच्या मैत्रिणीनं खूप जोर लावला, चाक मातीत रुतलं. ती कुणाला तरी बोलवायला घरी गेली, तिच्या आईनं तिला कामाला लावलं. आत्या बसून राहिली. रस्त्यानं माणसं जात-येत होती.

"सगळे थांबून पाहात. म्हणत, काय मस्त गाडी हाये बापा! कोणी हेडलाइटले हात लावून पाहे. अन निघून जाय. एका काकाले मी म्हटलं, गाडी बंद पडली. तो हसला. त्याले वाटलं मी खेळून राह्यली." ती थोडं थांबली. "कडेवर असली असती न, त कोणीतरी म्हटलं असतं, ह्या पोरीले घरी न्या. गाडीत होती म्हणून कोणाले काही वाटलंच नाही."

दिवेलागणीला आबा आणि आणखी एक जण येऊन गाडीसकट तिला उचलून घेऊन गेले. त्यानंतर तिनं गाडी घराच्या नजरेपलीकडं नेली नाही. वर्षभरानं ती मोठी झाली, गाडीत मावेना, विषय संपला.

"मग तू आबांना सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? सारं गाव त्यायचं कौतुक करून राह्यलं होतं. अन खरंच, कोण्या बापानं केलं असतं एवढं?"

मी आबांची बाजू घ्यायला लागले. बॅटरी नवी घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा वस्तूच मिळत नव्हत्या. आत्यानं मला मधेच थांबवलं. शाळेत पोरांना थांबवते तशी.

"मी कुठं त्यायले नावं ठेवून राह्यली? तू म्हणतेस न, गाडी होती तशी करायची. मंग कशी होती ते मी सांगितलं. बनवली त्यायनं, पण बसत मी होती."

*

ढकलता न येणं ही आबांची चूक नव्हती. तो त्या मोटारीचा स्वभाव आहे. वायपरच्या मोटारीत वर्म गिअर असतो: स्क्रूसारखा आटे असलेला दांडा आणि त्याला भिडलेलं दातेरी चाक. दांडा फिरला की चाक फिरतं. पण चाकानं दांड्याला फिरवायचं म्हटलं तर आटे अडवून धरतात. वायपरला हेच हवं असतं, वाऱ्यानं काचेवरचा दांडा आपोआप हलू नये म्हणून. आबांच्या गाडीत यामुळं एक फायदाही झाला. खटका सोडला की गाडी जागच्या जागी थांबायची, उतारावरसुद्धा. ज्या पोरीला पायानं ब्रेक दाबता येत नाही, तिच्यासाठी यापेक्षा सुरक्षित काय असणार? आबांनी नक्कीच याचा विचार केला असेल. त्यांना भीती होती ती गाडी पळून जाण्याची. आत्याला भीती वाटत होती ती गाडी न हलण्याची.

मला कॉलेजात पाहिलेलं देवलांचं 'संगीत मृच्छकटिक' आठवलं. शूद्रकाच्या मूळ नाटकाचं नावच मातीच्या खेळण्यातल्या गाडीवरून पडलं आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन त्या गाडीवर खूश नसतो. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठी तो रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. पुढचं सगळं रामायण त्या दागिन्यांमुळं घडतं. नाटक पाहताना आपण वसंतसेनेचं मोठं मन लक्षात ठेवतो. पण पोरानं निमूटपणे मातीची गाडी घेतली असती तर ते मन दिसलंच नसतं. पोरगं रडलं आणि कुणीतरी त्याचं रडणं ऐकलं. आत्या रडली नव्हती. आणि ती बोलली तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

मी बाबांना सांगितलं की मागच्या चाकात बदल करणार आहे.

"कायले?" बाबा म्हणाले. "आबांची गाडी हाये ते. तुझी हुशारी तुझ्या कंपनीत दाखव."

"आत्यानं सांगितलं..."

"ते काहीही सांगते. चाळीस वर्षांनी तिले आता आठवलं का?"

ते ताटावरून उठून गेले. आमच्या घरात जेवताना कुणी उठत नाही. दोन दिवस ते कोठ्याकडं फिरकले नाहीत. मीही हट्टानं काम चालू ठेवलं, पण खरं सांगायचं तर माझाही हात अडत होता. आबांनी मोजून घातलेले फेरे मी तसेच ठेवले होते, दोऱ्याच्या गाठी ठेवल्या होत्या, आणि आता त्यांच्याच अ‍ॅक्सलला ड्रिल लावायचं होतं.

*

बदल छोटा होता. आबांच्या गाडीत मोटार फक्त उजव्या मागच्या चाकाला जोडलेली, डावं चाक मोकळं. उजवं चाक अ‍ॅक्सलला वेल्डिंग करून पक्कं केलेलं होतं. ते कापायचं, आत बुश घालून चाक अ‍ॅक्सलवर मोकळं फिरेल असं करायचं आणि अ‍ॅक्सलवर एक चकती बसवायची. चकतीतून एक स्प्रिंगवाली पिन चाकाच्या भोकात जाते. पिन आत असली की मोटार चाकाला फिरवते. पिन बाहेर ओढली की चाक मोकळं. पिन ओढायला सायकलच्या ब्रेकची केबल घेतली आणि तिचं टोक सीटच्या डाव्या हाताला, खटक्याच्या खाली आणलं. म्हणजे आत बसलेल्या लेकरालाच ते करता यावं, कुणी येण्याची वाट पाहावी लागू नये.

पण चाक मोकळं झालं की आबांची भीती खरी ठरते. उतारावर गाडी पळते. म्हणून डाव्या चाकाला सायकलचाच हँडब्रेक बसवला. हे मला सुचलं ते आबांची बाजू विचारात घेतल्यावरच. बुश आणि चकती वरवट बकालच्या एका लेथवाल्याकडून करून आणली. त्यानं पैसे घेतले, पण कारण कळल्यावर पिन दोनदा घासून दिली.

अ‍ॅक्सल कापायच्या रात्री लाइट गेली. मी मोबाइलचा टॉर्च दातात धरायच्या बेतात होते, तेवढ्यात मागून कुणीतरी टॉर्च धरला. बाबा होते. त्यांनी दुसऱ्या हातानं अ‍ॅक्सल धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पंचवीस जून होता," ते म्हणाले. "वर्ल्ड कपची फायनल. आबांनी मले सांगितलं होतं, बहिणीसोबत राह्य. मी म्हटलं पाच मिनिटं रेडिओवर स्कोअर ऐकून येतो."

मी कानस चालवत राहिले.

"एकशे त्र्याऐंशीवर ऑल आउट झाली तवर बसलो. मंग आठवलं." ते थांबले. "तिनं आबाले माझं नाव सांगितलं नाही. अजूनही सांगितलं नाही, होय ना?"

नव्हतं सांगितलं. मला सांगतानाही नाही. १९८३ च्या फायनलच्या गोष्टी माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींच्या वडिलांनी शंभरदा सांगितल्या आहेत. माझ्या बाबांनी एकदाही नाही, हे मला त्या रात्री कळलं.

लाइट आली तेव्हा चाक मोकळं फिरत होतं. बाबांनी ते एका बोटानं फिरवलं. बराच वेळ फिरत राहिलं.

*

बॅटरीबद्दल थोडं, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर उपयोगी पडेल. मी दिवसभर लिथियमच्या बॅटऱ्यांमध्ये असते, पण या गाडीत ती घातली नाही. तिला तिचा वेगळा चार्जर लागतो, वर देखरेखीचं सर्किट लागतं, आणि मी पुण्याला गेल्यावर इथं ते कोण पाहणार? कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तसली बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी घातली. अडीच किलोच्या आत वजन, कुठल्याही इन्व्हर्टरच्या दुकानात मिळते. सपाट रस्त्यावर तास-पाऊण तास गाडी चालते. शिशाची बॅटरी वापरून रिकामीच ठेवून दिली की आतल्या पट्ट्यांवर कडक खडे धरतात आणि ती कायमची बसते. आबांच्या बॅटऱ्या अशाच बसायच्या. म्हणून पेटीच्या झाकणावर मी रंगानं लिहिलं: खेळून झालं की आधी चार्जिंगला. तारेचा पदर काढून दहा अँपिअरचा फ्यूज बसवला. लाकडाचा ठोकळा तोच आहे.

निळा रंग दोन हात मारला. सीटमध्ये घरचाच कापूस भरला.

माझ्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, गाडी गल्लीत आणली. भाचा बसला. खटका वर. गाडी आधी थरथरली आणि मग आबांच्या वेगानं, तासाला अडीच किलोमीटरनं, निघाली. गल्लीतली पोरं मागं. म्हातारी माणसं ओट्यावरून म्हणाली, अरे, हे त आबांची गाडी! बाबा शेजारून चालत होते. शेवटपर्यंत.

आत्या शाळेच्या कामावरून उशिरा आली आणि स्कूटी लावून तिच्यावरच बसून पाहत राहिली. मी काही बोलले नाही, तीही नाही.

गल्लीला तिसरा फेरा घालताना गाडी मंदावली. मी दुपारी तपासणीसाठी बॅटरी बरीच वापरली होती आणि पूर्ण चार्ज करायची राहून गेली होती. स्वतःच्याच लिहिलेल्या सूचनेचा पहिला भंग मीच केला. पिंपळापाशी, घरापासून चांगलं दूर, गाडी थांबली. भाच्यानं खटका वर-खाली केला. त्याचा चेहरा पडला. बाबा पुढं होऊ लागले, तर आत्यानं लांबूनच हात वर करून त्यांना थांबवलं.

मग भाच्याला मी शिकवलेलं आठवलं. त्यानं डाव्या हातानं केबलची मूठ ओढली. टक्क असा आवाज आला. शेजारच्या घरची एक पोरगी मागं उभी होती, सहा-सात वर्षांची, फ्रॉकची एक बाही उसवलेली. तिनं दोन्ही हात पत्र्यावर ठेवले आणि ढकललं. गाडी हलली. पहिल्यांदा तिलाच आश्चर्य वाटलं. मग ती पळायलाच लागली, भाचा आत बसून ओरडतोय, मागं आणखी दोन पोरं, आणि सगळी वरात आमच्या दाराशी.

गाडी आत्याच्या स्कूटीपाशी येऊन थांबली. आत्यानं खाली वाकून मागच्या चाकाकडं पाहिलं. त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळून म्हणाली,

"मोकळं चाक आवाज करून राह्यलं पाय. त्यात तेल टाक."